एका घाण्याचं अंतर

रविवारी भट्टी बंद असे, त्यामुळे घरातले सगळे वाद रविवारसाठी राखून ठेवलेले असत. बाकीचे सहा दिवस पीठ, पाव आणि गिऱ्हाईक यांच्यातून भांडायला सवडच मिळत नसे. काही मोठं ठरवायचं असलं की मंडळी वरच्या घरात न बसता खाली बेकरीत, मळायच्या टेबलाभोवती जमत. ही नानांनी घालून दिलेली रीत. याच टेबलावर दादांचं लग्न ठरलं होतं, दुसरी भट्टी बांधायचं ठरलं होतं आणि पुढच्याच रविवारी ती न बांधायचंही ठरलं होतं. नाना जाऊन बरीच वर्षं झाली, पण टेबल तेच होतं आणि भोवती बसणारी हट्टी माणसंही त्यांच्याच हाताखाली वाढलेली होती.

त्या दुपारी दादा सगळ्यांच्या आधी खाली उतरले. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मागे घरातले थोरले तेच, आणि भट्टीत पावाचं फावडं घालायचा मानही त्यांचाच. टेबल पुसून त्यांनी पिठाच्या गिरणीने फुकट वाटलेला जगाचा नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि पावाचे पुडे बांधायच्या सुतळीचा हातभर तुकडा तोडला. सुतळीचं एक टोक आपल्या विमानतळावर. दुसरं पार नकाशाच्या दुसऱ्या कडेला, मुंगीच्या नव्या विमानतळावर. मध्ये नुसता निळा समुद्र. सुतळी ताणून त्यांनी ती कोपऱ्यातल्या मोजपट्टीशी लावली, बोटांवर हिशेब केला, पुन्हा एकदा केला. सोळा हजार किलोमीटरच्या वर जात होतं.

मुंगी म्हणजे धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून मुंगी, आणि आता तिशीला आली तरी मुंगीच. ती काँक्रीटची इंजिनिअर होती. ("ही पण पीठच मळते," असं तिची आत्या म्हणायची, "फक्त खाता येत नाही.") गुरुवारी तिला फोन आला. जगाच्या त्या टोकाच्या विमानतळाला नवी धावपट्टी बांधायची होती आणि ते काम तिने अंगावर घ्यावं असं त्यांचं म्हणणं होतं. हाताखाली चाळीस माणसं, मुक्काम पाच वर्षं तरी. उत्तर सोमवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं.

दादांना ही बातमी गुरुवारी दुपारी कळली. संध्याकाळपर्यंत ती गल्लीतल्या किल्लीवाल्याला, चपला शिवणाऱ्याला, न्हाव्याला आणि न्हाव्याच्या खुर्चीत गालांना साबण फासून बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही कळलेली होती. "विमान असं सहज नाही उतरत हो," दादा त्यांना सांगत होते. "खाली कुणीतरी जमीन करून ठेवावी लागते. ती आमची पोर करणार." सांगताना त्यांची छाती अशी फुगत होती की न्हाव्याला वस्तरा जरा लांब धरावा लागला. घरी आल्यावर मात्र ते गप्प झाले. कारण घरात नानांचा नियम होता, आणि त्या नियमाची राखण दादांकडे होती.

नियम असा, की या घरातल्या कुणीही भट्टीपासून एका घाण्यापेक्षा लांब राहायचं नाही. एक घाणा म्हणजे पीठ भिजवल्यापासून पाव भट्टीबाहेर येईपर्यंतचा वेळ. संध्याकाळी सहाला पीठ लावायचं, पहाटे पाचला पाव बाहेर, म्हणजे अकरा तास. नाना तरुणपणी दूर कुठेतरी दुसऱ्याच्या भट्टीवर राबत होते तेव्हा त्यांची आई आजारी पडली. निरोप मिळताच ते निघाले, तीन गाड्या बदलल्या, दोन दिवसांनी दारात पोचले, तर आई आदल्या संध्याकाळीच गेलेली. ते परत गेले नाहीत. इथेच भट्टी घातली आणि पुढे मुलांना सांगितलं, "निघालं की एका घाण्यात घरी पोचता आलं पाहिजे. त्याच्या पलीकडे आपलं कुणी राहायचं नाही." तेव्हा घाणाभर अंतरात शेजारची दोन-तीन गावंच बसत. मग रस्ते सुधारले, गाड्या वेगाने पळायला लागल्या, आत्याचा मुलगा विमानाने दोन तासांवर राहायला गेला. नियम न मोडताही घाण्याचा टप्पा वाढत गेला, आणि सगळं जगच आता आपल्या भट्टीच्या आवाक्यात आलं असं घरातल्यांना वाटायला लागलं होतं.

"झालं का मोजून?" आत्या दारातूनच म्हणाली. ती दादांच्या पाठची बहीण, समोरच्याच घरात राहणारी. गेली कित्येक वर्षं काउंटर तिच्या ताब्यात होता आणि कालचा पाव आजचा म्हणून मागणाऱ्या गिऱ्हाइकाची तिच्यापुढे बोबडी वळत असे.

"सोळा हजार," दादा म्हणाले.

"बाप रे. मग?"

"मग काय. नियम तो नियम."

"हे न्हाव्याला सांगितलंस का? काल त्याची बायको मला विचारते, मुंगी कधी निघणार? म्हटलं, बाई, आमच्याकडे अजून ठरायचंय. तर म्हणते, दादांनी तर बॅगेचा रंगसुद्धा सांगितलाय."

दादा नकाशावर न पडलेलं पीठ झटकत राहिले. आत्याचं हे बोलणं त्यांनी मनावर घेतलं नाही. ती तोंडाची कितीही फटकळ असली तरी नानांची लाडकी लेक, ती नियमाच्याच बाजूने उभी राहणार याची त्यांना खात्री होती. त्यांना भीती होती ती धाकट्याची. त्याची लेक, एवढा मोठा मान, तो भांडायला उठणार आणि आपल्याला त्याला नाही म्हणावं लागणार. गुरुवारपासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं ते त्यामुळे.

जिन्यावर पावलं वाजली. पुढे मुंगी, मागे तिची आई, आणि सगळ्यात शेवटी धाकटा, नेहमीसारखा खाली मान घालून. पावाला आकार देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण गिऱ्हाइकासमोर यायचं म्हटलं की तो पिठाच्या पोत्यांमागे जायचा. मुंगीने नकाशावरची सुतळी बघितली आणि तिला हसू आलं.

"काका, सुतळीचं काही चुकलं नाही. कागदाचं चुकलंय."

"म्हणजे?"

तिने कोपऱ्यातल्या झाकलेल्या पातेल्यातून खमिराच्या पिठाचा एक गोळा काढला, तळहातांत फिरवून छान गोल केला आणि त्यावर अंगठ्याने दोन खळगे पाडले, दोन्ही वरच्या अंगाला, एक अलीकडे, एक पलीकडे. "हे आपण. हे तिथलं. आता ताणा सुतळी."

दादांनी सुतळी गोळ्याच्या कडेने आडवी धरली आणि ताणली. ताणता ताणता ती आपोआप वर सरकली आणि गोळ्याच्या डोक्यावरून सरळ जाऊन बसली. त्यांनी ती पुन्हा खाली ओढली. ती पुन्हा वर गेली.

"विमानं अशीच जातात," मुंगी म्हणाली. "समुद्रावरून आडवी नाही जात, वरून जातात, बर्फाच्या बाजूने. तेरा हजार होतात."

दादांनी आयुष्यात किती गोल पाव वळले असतील त्याची गणती नव्हती. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. "गोल पाव सपाट कागदात बांधला की सुरकुत्या पडतात," ते हळूच म्हणाले. "त्या या नकाशावाल्याने इस्त्री करून काढल्यात. म्हणून लांब दिसतं."

"हो! अगदी तसंच, काका."

दादांनी आत्याकडे असं बघितलं की जणू पृथ्वी गोल असल्याचा शोध त्यांच्या पुतणीनेच लावला होता. मग त्यांना आठवलं की आपण नियमाच्या बाजूचे आहोत, आणि त्यांनी चेहरा गंभीर केला. "ते असू दे. वेळ किती?"

"तिकडून येताना चौदा तासांच्या आत. जाताना साडेपंधरा."

"एकाच वाटेला दोन वेगळ्या वेळा कशा?"

"वरचा वारा, काका. येताना पाठीवर असतो, जाताना तोंडावर."

"म्हणजे घरी यायला लवकर आणि घरातून जायला उशीर," मुंगीची आई म्हणाली. इतका वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. "वाऱ्यालासुद्धा कळतं बाई."

सगळे हसले, धाकटा सोडून.

"चौदा हे नुसते हवेतले," आत्या म्हणाली. "घरून निघायचं, तिथे आधी जाऊन रांगेत उभं राहायचं, इकडे उतरल्यावर सामान, मग टॅक्सी. ते धर की."

"सगळं धरलं तर अठरा," मुंगी म्हणाली. तिने घासाघीस केली नाही हे दादांनी मनातल्या मनात नोंदवलं. लबाडी करायची असती तर ती इथेच करता आली असती.

"आणि विमान दिवसातून एकदाच," आत्या म्हणाली.

"नानांच्या वेळी गाडीसुद्धा दिवसातून एकदाच होती," दादा म्हणाले. "गाडीची वाट बघणं त्यांनी कधी मोजलं नाही. निघाल्यापासून पोचेपर्यंत, एवढंच." पण हे बोलूनही काही उपयोग नव्हता. एका बाजूला अकरा होते आणि दुसऱ्या बाजूला अठरा. एवढं खिंडार बोलण्याने बुजणारं नव्हतं.

"मग मोडा नियम," आत्या म्हणाली.

दादांना वाटलं आपल्याला ऐकू आलं ते खरं नाही. "काय म्हणालीस?"

"मोडा म्हणाले. माझा मुलगा दोन तासांवर राहतो. मागे मला ताप आला तेव्हा तो कधी आला? चौथ्या दिवशी. ताप उतरल्यावर. येताना संत्री घेऊन." ती टेबलाकडे बघून बोलत होती. "नानांनी अंतर बांधून दिलं रे दादा. माणसाच्या मनात यायचं असावं लागतं, ते कुठे बांधून ठेवणार? ही पोर अठरा तासांवरून धावत येईल, मला माहितेय. जाऊ दे तिला."

मुंगीने आत्याचा हात धरला. मुंगीच्या आईने डोळ्यांना पदर लावला. दादांना एकदम हलकं वाटलं. नियमाची निम्मी भिंत तर आत्यानेच पाडली होती, आणि उरलेली धाकटा पाडणार. मग आपण नाइलाजाने, बहुमताला मान देऊन, हो म्हणायचं. संध्याकाळी न्हाव्याकडे चक्कर टाकायला हरकत नव्हती.

"नियम मोडायचा नाही," धाकटा म्हणाला.

"अहो!" मुंगीची आई ओरडलीच.

"मोडायचा नाही," तो पुन्हा म्हणाला. बोलायची सवय नसल्याने त्याचे शब्द एकेक करून येत होते. "मला बोटीवरचं काम आलं होतं. दादा, तुला आठवतं. प्रवाशांची मोठी बोट, बोटीवर भट्टी, मी मुख्य. सगळं जग फिरलो असतो. लोकांना वाटतं नानांनी मला अडवलं. त्यांनी नाही अडवलं. त्यांनी विचारलं, तुला नियम पटतो का? मी म्हटलं, पटतो. आणि थांबलो. माझ्या मनाने थांबलो." त्याने टेबलावर तळहात ठेवला. "नाना गेले तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. मी थांबलो याचा मला अभिमान आहे. आज तुम्ही सोयीसाठी नियम मोडलात तर माझं थांबणं म्हणजे नुसता वेडेपणा ठरेल. ते मी होऊ देणार नाही."

इतकं लांब भाषण धाकट्याने स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं.

"आणि मी गेले नाही तर?" मुंगीने विचारलं.

धाकट्याने वर बघितलं. "तर ते मला बघवणार नाही," तो म्हणाला. "तेही खरं आहे."

"मग मी नाही म्हणून कळवते, बाबा." तिचा चेहरा तिने घट्ट सावरून धरला होता. "दुसरं काम मिळेल. जवळपास." ती हातातला पिठाचा गोळा दाबत होती. त्याचे दोन्ही खळगे कधीच बुजले होते.

दादा बघत राहिले. एका बाजूला भाऊ, ज्याने आयुष्यभर शब्द पाळला. दुसऱ्या बाजूला त्याची लेक, जिच्या हातून एक सबंध धावपट्टी व्हायची होती. दोघंही मान ताठ ठेवून हरायला तयार होती, आणि दोघंही नानांचंच रक्त. दादांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी त्यांना दोघांच्याही कानशिलात द्यावीशी वाटली. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी मुंगीच्या हातातून तो गोळा काढून घेतला. सवयीने त्यात बोट खुपसलं. पीठ गार होतं, आळशी होतं. बोटाचा खड्डा भरून यायला वेळ लागला.

"धाकट्या," ते म्हणाले, "थंडीत आपला घाणा किती वेळ घेतो?"

"तेरा. कधी चौदा."

"आणि त्या वर्षी नळाचं पाणी गोठलं होतं तेव्हा?"

"सोळा लागले. गिऱ्हाईक दारात शिव्या देत उभं होतं."

"तेव्हा तो घाणा नव्हता का?"

"घाणाच होता. का?"

"नानांनी नियमात अकरा तास कधी म्हटलं होतं? घड्याळ कधी काढलं होतं त्यांनी?"

धाकट्याच्या लक्षात आलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "पळवाट काढतोयस, दादा."

"पळवाट फुकट मिळते. हिची किंमत आपल्याला रोज भरावी लागेल," दादा म्हणाले. "नियम मोडायचा नाही. तू म्हणतोस ते बरोबर आहे. नियम आहे तसा ठेवायचा आणि घाणा लांबवायचा. अठरा तासांचा करायचा."

"अठरा तासांत पीठ आंबून चिखल होईल," आत्या म्हणाली.

"खमीर चौथाई घालू. पाणी गार घेऊ."

"गार पाणी पुरणार नाही, काका," मुंगी पटकन म्हणाली. तिच्या आवाजात जीव आला होता. "कडक उन्हात काँक्रीट ओतायचं असलं की आम्ही पाण्याच्या जागी बर्फ घालतो. नाहीतर ते ओतायच्या आधीच घट्ट होतं. पिठातही निम्मा बर्फाचा चुरा घालून बघू."

दादांनी सगळ्यांकडे नजर फिरवली, ऐकलंत ना, अशी. मग त्यांनी धाकट्याकडे बघितलं, कारण शेवटचा शब्द त्याचा होता हे आता सगळ्यांनाच कळलं होतं.

धाकट्याने दादांच्या हातातला गोळा घेतला आणि दाबून बघितला. "दहा पावांचा खेळ नको," तो म्हणाला. "पूर्ण काथवट भरून लावायची. आणि एका दिवसाचा घाणा हा घाणा नव्हे. दुकानाचा रोजचा पाव त्याच पिठाचा पाहिजे. पहाटे पाचला पाव हवा तर पीठ सकाळी अकराला लावायचं, ऐन विक्रीच्या वेळेला. सोमवारच्या पावासाठी रविवारीही संध्याकाळऐवजी सकाळीच खाली उतरायचं. आपण दोघं आता तरुण नाही, दादा."

"मला माहीत आहे."

"आणि पाव आजच्यापेक्षा उतरला तर मी नाही म्हणणार. नानांचा पाव बिघडवून कुणी कुठे जायचं नाही. माझी मुलगी असली तरी."

"कबूल," दादांच्या आधी मुंगीच म्हणाली.

संध्याकाळी पाचला त्यांनी पीठ लावलं. सबंध लाकडी काथवट भरून, बर्फाचा चुरा घालून, मुंगी आणि दादा दोघांनी मिळून. बर्फाने बोटं बधिर झाली तशी मुंगी हात झटकत नाचायला लागली आणि तिची आई हात शेकायला चुलीवर पाणी ठेवायला धावली. काथवट त्यांनी भट्टीपासून लांब, जिन्याखालच्या थंड कोपऱ्यात ठेवली. धाकट्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. सहाला त्याने नेहमीचं पीठ नेहमीच्या जागी लावलं आणि तो वर निघून गेला.

पहाटे भट्टी लावायला दादा खाली आले तेव्हा जिन्याखालचा कोपरा रिकामा होता. शोधत शोधत ते मागच्या अंगणाच्या दाराशी गेले, तर काथवट तिथे उंबऱ्यात, बोचऱ्या वाऱ्यात, दोन पोत्यांनी नीट झाकून ठेवलेली, आणि शेजारी उपड्या डब्यावर धाकटा.

"जिन्याखाली लवकर चढत होतं," तो दादांकडे न बघता म्हणाला. "तासाभरात हाताबाहेर गेलं असतं. तुझा कोपरा काही कामाचा नाही."

दादांनी आतून एक जाड पांघरूण आणून भावाच्या खांद्यावर टाकलं आणि ते भट्टीकडे वळले.

अकरा वाजता पाव निघणार हे कुणालाच सांगायचं नव्हतं. तरी साडेदहालाच काउंटरसमोर किल्लीवाला, चपला शिवणारा आणि न्हावी हजर होते, आणि न्हाव्याबरोबर गुरुवारचे ते अनोळखी गृहस्थही, या वेळी स्वच्छ दाढी केलेले. आत्याने दादांकडे डोळे वटारले. दादांनी भट्टीत काहीतरी फार महत्त्वाचं बघायला तोंड घातलं.

पाव वळायचं काम धाकट्याने कुणालाच करू दिलं नाही. एकेक गोळा त्याने असा वळला की जणू तो अंगावरून हात फिरवून कुणाला तरी झोपवत होता. दादांनी ते फावड्यावर घेऊन आत सरकवले. मग दार लावलं. मुंगीची आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. मुंगी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे झाले होते.

दादांनी दार उघडलं. पाव नेहमीपेक्षा गडद झाले होते. पाठीवर बारीक बारीक फोड आले होते, तसे याआधी कधी आले नव्हते, आणि वासही वेगळाच होता, खोल, जरासा आंबूस. दादांना आवडला. पण त्यांच्या आवडण्याला आज काही किंमत नव्हती. त्यांनी पहिला पाव फडक्यात धरून धाकट्यासमोर ठेवला.

धाकट्याने तो उलटा केला. खालून बोटांनी वाजवला, कान लावून ऐकलं. थोडा निवू दिला. बाहेरून न्हाव्याने "काय झालं?" असं विचारलं तेव्हा आत्याने नुसता हात वर केला आणि तो गप्प झाला. धाकट्याने पाव मोडला. आतली जाळी बघितली, नाकाशी नेला, मग एक तुकडा तोंडात टाकून तो सावकाश चावत राहिला. मुंगीने डोळे मिटून घेतले होते.

"मीठ चिमूटभर कमी पाहिजे," तो म्हणाला.

दादा पुढे झाले. "म्हणजे?"

"म्हणजे उद्याच्या पिठात मीठ कमी घाल. आणि ते आत्ताच लावायला हवं. अकरा वाजून गेले, उभे काय राहिलात सगळे?"

मग काय झालं ते नीट सांगणं अवघड आहे. मुंगी पिठाच्या हातांनीच बापाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या शर्टाची पाठ पांढरी झाली. तिची आई रडत रडत सगळ्यांना आपण रडत नसल्याचं सांगत होती. दादा फावडं भिंतीला टेकवायला गेले आणि ते तीनदा घसरून पडलं, तेव्हा आत्यानेच ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग तिने डोळे पुसले, सुरी उचलली आणि बाहेरच्या मंडळींना पाव कापून दिला, पहिल्यांदाच फुकट.

न्हाव्याने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग तो हातातल्या तुकड्याकडे बघायला लागला. "इतकी वर्षं तुमचा पाव खातोय," तो म्हणाला, "असा कधी लागला नाही. काय केलंत काय?"

दादा तोंड उघडणार होते. गुरुवारपासून त्यांच्याकडे सांगायला बरंच साठलं होतं. पण तेवढ्यात पोत्यांमागून धाकटा काउंटरवर आला. पिठाने माखलेला शर्ट, आणि लेकीचा हात अजून हातात. आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकासमोर मान वर करून उभा राहिला.

"आमची मुलगी तेरा हजार किलोमीटरवर असते," तो म्हणाला. "तिला घरी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच या पावाला लागतो."